दर्ग्याच्या पेटीतली जुनी अरबी-फारसी पुस्तकं ‘ठंडी’ करण्याआधी काय काय पाहावं?

पूर्णाकाठ
राम राम, सलाम सर्वांना. अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव. दर्ग्यालगतच्या हुजऱ्याचं (खोलीचं) छत बदलायला काढलं, तेव्हा माळ्यावर दोन लोखंडी पेट्या सापडल्या. आत साधारण साठ नग आहेत. चामडी बांधणीची सात-आठ पुस्तकं, कुरआनचे सुटे पारे (तीस भागांपैकी एकेक भाग), पंजसूरे (पाच सूरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, पुस्तिका), बरेच छापील दिसणारे ग्रंथ, लाल फडक्यात गुंडाळलेले सनदीसारखे कागद आणि दीड हात लांबीची एक गुंडाळी. काही पुस्तकांना कसर लागली आहे, एका पेटीचा तळ वाळवीने खाल्ला आहे. एक पुस्तक पूर्ण ओलं होऊन विटेसारखं घट्ट झालं आहे.

मुतवल्ली (दर्ग्याचे व्यवस्थापक) चाचा आणि कमिटीचं म्हणणं असं की जीर्ण पानांची बेअदबी नको, मृगाच्या आधी सगळं नदीत ठंडं करू, म्हणजे अदबीने सोडून देऊ. त्यांची भावना खरी आहे. पण हे सगळं एकसारखं जीर्ण नाही असं दिसतं. इमाम साहेब अरबी-उर्दू वाचतात, फारसी आणि मोडी वाचणारं गावात कोणी नाही. हाताने लिहिलेलं कोणतं आणि छापलेलं कोणतं ते कसं ओळखायचं? साफ कसं करायचं? सनदींवरच्या सालाचा इसवी सन कसा काढायचा? पाऊस तोंडावर आहे, म्हणून जरा नेमकं सांगा.

जुना_कागद
भाऊ, आधी एक गोष्ट. या महिन्यात काहीच पाण्यात जाऊ देऊ नका. चाचांना सांगा, ठंडं करणं रद्द नाही, निवड होईपर्यंत फक्त थांबलं आहे. आणि ओल्या फडक्याने एकही पान पुसू नका. आपल्याकडची जुनी शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची असे. डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून शंभर-दोनशे वर्षं टिकलेली अक्षरं दोन मिनिटांत फडक्यावर येतात.

आता हस्तलिखित की छापील. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण अरबी-फारसी-उर्दू पुस्तकं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात खिळ्यांनी, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांनी, फार कमी छापली गेली. ती दगडावर छापत, म्हणजे शिळाप्रेस. कातिब, म्हणजे लेखनिक, तेलकट शाईने खास कागदावर लिहायचा, ते लिखाण दगडावर उतरवायचं आणि त्याच्या शेकडो प्रती काढायच्या. त्यामुळे छापील पानावरही हातचं अक्षर दिसतं, हाशियातल्या (समासातल्या) तिरप्या टिपाही असतात. हे तंत्र जर्मनीत १७९६ साली निघालं. नस्तालिक या फारसी-उर्दूच्या वळणदार लिपीला खिळ्यांपेक्षा ते फार सोयीचं पडलं, म्हणून आपल्याकडे चांगलंच रुजलं. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये लखनौला काढलेल्या छापखान्याने याच पद्धतीने कुरआनपासून फारसी काव्यापर्यंत हजारो पुस्तकं छापली. तुमच्या पेटीत त्यातली एक-दोन निघाली तर नवल नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाल्याकडे मिळतं. बोरूने लिहिलेल्या अक्षरात शाई एकसारखी नसते. बोरू नुकताच बुडवलेला असतो तिथे गडद, चार शब्दांनी फिकट, पुन्हा गडद. अक्षराच्या शेवटी शाईचं छोटं थारोळं साचून तिथे काळी कड दिसते. दोन फटकारे एकमेकांवरून गेले असतील तर ओलांडणीच्या जागी शाई जास्त काळी होते. शिळाप्रेसचा काळा रंग तेलकट आणि पानभर एकसारखा असतो, ओलांडणीच्या जागीही रंग बदलत नाही. मग पान दिव्यासमोर आडवं धरा, उजेड एका कडेने येऊ द्या. हस्तलिखितात बहुधा ओळींच्या जागी बारीक दबलेल्या रेघा दिसतील. पुठ्ठ्यावर दोरे ताणून केलेला मिस्तर कागदाखाली ठेवून त्या उमटवत, शाई न लावता. छापील पानावर त्या सहसा नसतात.

शेवटचं पान नक्की वाचून घ्या. हस्तलिखिताच्या शेवटी मजकूर हळूहळू निमुळता होत त्रिकोणासारखा संपतो, तिथे ‘तम्मत’ (संपलं) हा शब्द आणि नशिबाने कातिबाचं नाव, गाव, साल सापडतं. छापील पुस्तकात तिथे किंवा पहिल्या पानावर ‘मतबा’ हा शब्द असतो, म्हणजे छापखाना. इमाम साहेबांना फक्त हे दोन शब्द शोधायला सांगितले तरी साठातल्या अर्ध्या पुस्तकांची ओळख एका दुपारी होईल. शेवटी एखादी कवितेची ओळ आणि खाली आकडा दिसला तर तीही टिपून घ्या. बिस्मिल्लाहचे ७८६ ज्या अबजद हिशेबाने, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा धरून, होतात, त्याच हिशेबाने त्या ओळीत साल गुंफलेलं असतं.

कागदही बोलतो. हातकागद खळ लावून अकीकाच्या दगडाने घोटलेला असतो, म्हणून तिरप्या उजेडात चमकतो आणि बोटाला गुळगुळीत लागतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद पिढ्यानपिढ्या झाला. त्यात पाणचिन्ह नसतं. मागून उजेड धरल्यावर इंग्रजी अक्षरं दिसली तर तो विलायती कागद. त्यात पुष्कळदा कारखान्याच्या नावासोबत सालही असतं. लिखाण त्या सालाच्या आधीचं असूच शकत नाही. याहून पक्का पुरावा गावपातळीवर दुसरा मिळत नाही. तपकिरी, कडेने भुगा होणारा कागद मात्र गिरणीचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा. गंमत अशी की तुमच्या पेटीतली सर्वांत नाजूक पुस्तकं बहुतेक हीच असतील. तीनशे वर्षांचा घोटीव कागद अजून लवचीक निघेल. जीर्ण दिसतं ते जुनं आणि धड दिसतं ते नवं, हा हिशेब इथे लावू नका.

आणि फाटक्या पुठ्ठ्यांचं. जुन्या बांधणीतली दफ्ती, म्हणजे पुठ्ठा, रद्दी कागद एकावर एक चिकटवून करत. त्या थरांत पुस्तकाहून जुने कागद सापडतात. सुटलेला पुठ्ठा फेकू नका, त्याच पुस्तकासोबत बांधून ठेवा. कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या तारखा, कर्जाच्या नोंदी, औषधाचे नुस्खे लिहिलेले असतात. तुमच्या गावाचा इतिहास मुख्य मजकुरापेक्षा तिथे जास्त भेटेल.

हाफिज_वऱ्हाड
अदबीच्या बाजूने थोडं. जीर्ण मुसहफ, म्हणजे कुरआनची प्रत, स्वच्छ जागी दफन करणं किंवा वाहत्या पाण्यात सोडणं हा त्याचा मान राखण्याचा मार्ग आहे, आणि तो वाचण्याजोगा राहिला नाही तेव्हासाठी आहे. जो वाचता येतो, दुरुस्त करून जपता येतो, त्याला ठंडं करण्याची घाई कशाला? कमिटीसमोर हे असं मांडा, कोणाचं मन दुखणार नाही. कुरआनची पानं हाताळणाऱ्यांनी वुजू (नमाजाआधीसारखे हात-तोंड-पाय धुणं) करावं आणि हात पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. अत्तर लावून हात लावू नये, तेलाचा डाग कागदात उतरतो. निवड करताना जमिनीवर पसारा नको. दोन तक्तपोस (लाकडी चौक्या) जोडा, वर धुतलेली चादर अंथरा, मुसहफ एका टोकाला उशीवर आणि बाकीची किताबं दुसरीकडे.

सुटी पानं मिसळली असतील तर जुळवता येतात. उघड्या पुस्तकात उजव्या हाताच्या पानाखाली डावीकडे एक एकटा शब्द तिरपा लिहिलेला असतो, त्याला रिकाब म्हणतात. पुढचं पान त्याच शब्दाने सुरू होतं. कुरआन पाठ असलेला हाफिज बसवला तर मुसहफाची पानं रिकाब न पाहताही लागतील, पण फारसी किताबांना रिकाब हाच आधार. छापील मुसहफात कडेला ‘ऐन’ अक्षराभोवती तीन आकडे असतात. वरचा सूरेतला रुकू (परिच्छेद), मधला त्या रुकूतल्या आयतींची (वचनांची) संख्या, खालचा पाऱ्यातला रुकू. पान अर्धं फाटलं असलं तरी त्यावरून जागा कळते.

एका सूरेआधी बिस्मिल्लाह दिसली नाही म्हणून पान हरवलंय असं लिहू नका. सूरा तौबा बिस्मिल्लाहशिवायच सुरू होते.

सगळं जुळवूनही उरलेले छापील कपटे, ज्यांच्यावर हाताचं काही लिहिलेलं नाही, ते ठंडं करायला हरकत नसावी. चाचांचाही मान राहील.

पूर्णाकाठ
खूप आभार. काल इमाम साहेब आणि दोन पोरं बसली. ‘तम्मत’वाली पाच निघाली, ‘मतबा’वाली बावीस. आता तीन गोष्टी अडल्या. एका पुस्तकात मजकुराभोवती हिरवी चौकट आहे आणि ती चौकट जिथे जिथे आहे तिथे पान कापल्यासारखं तुटलं आहे, मधला मजकूर खिडकीसारखा निखळतो. दुसरं, दोन पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘या कबीकज’ असं लिहिलं आहे, ही दुआ इमाम साहेबांना माहीत नाही. तिसरं, एका सनदीवर वर फारसी, खाली मोडी, आकडा १२६८. चाचा म्हणतात हिजरी, तलाठी म्हणतो फसली, म्हणजे शेतसाऱ्याचं साल.

रुमाल_दफ्तर
हिरवी चौकट म्हणजे जंगाल, तांब्याला चढतो तोच हिरवा कळंक. जुने चित्रकार तोच रंग वापरत. तांबं कागद आतून जाळतं, ओलाव्यात जास्त वेगाने. आधी पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी सावली उमटते, मग भेग पडते, मग मधला भाग गळतो. त्यावर उपाय गावात करू नका. पाण्यातली खळ लावली तर तांबं आणखी पसरतं. निखळलेला मधला भाग आणि त्याची चौकट दोन्ही एका घडीच्या स्वच्छ पांढऱ्या कागदात ठेवा, वर पेन्सिलीने पान क्रमांक लिहा आणि ते पुस्तक उघडणं बंद करा. शाईपेन किंवा बॉलपेन पेटीच्या आसपासही नको. सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा चिकट भाग काही वर्षांत पिवळा होऊन कागदात झिरपतो, मग निघत नाही. लॅमिनेशन आणि फेव्हिकॉलचंही तेच.

‘या कबीकज’ म्हणजे कसरीपासून राखण. पुस्तकांना किडे लागू नयेत म्हणून कातिब पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ते लिहीत. इराणपासून दख्खनपर्यंतच्या हस्तलिखितांत ते भेटतं. कबीकज हे मुळात एका विषारी वनस्पतीचं नाव. पुढे लोक त्याला किड्यांचा राजा मानून हाक मारू लागले. असं पान सापडलं की पुस्तक हस्तलिखित असण्याची शक्यता वाढते. ते पान जपा.

आता खऱ्या कसरीचं. पुस्तकातून ताजा पिठासारखा भुगा पडतो का पाहा. काळ्या कागदावर पुस्तक हलकेच आपटा, दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भुगा दिसला तर किडा जिवंत आहे. अशी पुस्तकं वेगळी काढा. चित्र, सोनेरी काम किंवा जाड चामडं नसलेली पुस्तकं जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड पक्कं बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात. फ्रीझर रिकामा आणि धुतलेला हवा, मुसहफ असेल तर वेगळा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं, आणि किडे मेले पण शाई गेली असं होतं. सोनेरी आणि चित्रांच्या पुस्तकांना हे करू नका, त्यांना फक्त वेगळं बांधा.

साफसफाईला रुंद मऊ ब्रश घ्या, बकरीच्या केसांचा असला तर उत्तम. व्हरांड्यात सावलीत, पंखा बंद, तोंडाला एन-९५ मास्क. शिवणीपासून कडेकडे झाडायचं, उलट नाही. उलट झाडलं की माती शिवणीत जाऊन बसते. बुरशी ओली आणि केसाळ असेल तर झाडू नका, आधी सावलीत कोरडी होऊ द्या. उन्हात मात्र काही टाकू नका. आपल्याकडच्या वैशाखातल्या ४५ अंशांत चामडं आकसून पुठ्ठा वाकतो आणि गिरणीचा कागद पापडासारखा होतो. पानांमध्ये कोरे टिपकागद घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. विटेसारखं झालेलं पुस्तक सुरीने उघडायचा मोह आवरा. ते जसं आहे तसं पुठ्ठ्यांच्या मध्ये, सैल बांधून ठेवा.

आणि कूलर! उन्हाळ्यात हुजऱ्यात डेझर्ट कूलर लावला जातो. कपाट त्याच्या झोतात असेल तर मे महिन्यातच पुस्तकांना पावसाळ्याचा दमटपणा मिळतो, रात्री कूलर बंद झाल्यावर पुन्हा कोरडं. या रोजच्या फुगण्या-आकसण्याने शिवण आणि घोटीव थर तुटतो. चार-पाचशे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, तो कपाटात ठेवा. ४५ ते ५५ टक्के चांगलं, ६५ च्या वर सतत राहिलं तर बुरशी आलीच समजा.

बांधायला मांजरपाट घ्या, लाल किंवा पांढरा. आधी दोनदा गरम पाण्यात धुवून त्याची खळ काढा, कारण कसर खळीवरच येते. वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पातळ कापडाच्या पोटलीत, कपाटाच्या कोपऱ्यात. पानांमध्ये नाही, आणि ओला पाला तर मुळीच नाही. तीन-चार महिन्यांनी बदला. डांबर गोळ्या नकोत, त्या कागद राखत नाहीत आणि बंद हुजऱ्यात बसणाऱ्या माणसाच्या छातीला बाधतात.

गुंडाळी बहुतेक शजरा असेल, पीर-मुरीदांची, म्हणजे गुरु-शिष्यांची, वंशावळ. ती जोर लावून सपाट करू नका. निदान चार इंच व्यासाच्या नळीवर स्वच्छ कागद लपेटून, मजकूर आतल्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा.

मोडी_फारसी
१२६८ चा प्रश्न हलका नाही, कारण वऱ्हाडात ही सात वर्षं फार मोठी आहेत. हिजरी १२६८ म्हणजे इ.स. १८५१-५२. फसली १२६८ म्हणजे १८५८-५९. मधे १८५३ चा तह झाला आणि निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. म्हणजे सनद देणारं सरकारच बदलतं.

हिशेब असा. हिजरी सालातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन येतो. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून नुसतं ६२२ मिळवून चालत नाही. दख्खनी फसलीत ५९० मिळवा, वर्षाचा उत्तरार्ध असेल तर ५९१. मोडी भागात आकड्याऐवजी ‘अर्बा सितैन मया व अलफ’ अशी अक्षरं असतील तर तो जुन्या मराठी दफ्तरांतला शुहूर सन. अर्बा चार, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६४. त्यात ५९९ मिळवले की १७६३, आणि मृगापासून पुढच्या मृगापर्यंत मोजायचं.

तुमच्या कागदात हिजरी की फसली हे कसं ठरवाल? महिना पाहा. मुहर्रम, रबीउलअव्वल, जमादिलाखर असा चांद्र महिना आणि तारीख असेल तर सोबतचं साल बहुधा हिजरी. शेतसारा, हप्ता, पीक यांच्या संदर्भात नुसतं ‘सन’ असेल तर बहुधा फसली. फारसी मजकुरात ‘फसली’ हा शब्द आकड्याच्या डावीकडे अगदी आखूड, शेपटीसारखा लिहितात, तो नजरेतून सुटतो. तिथला फोटो मोठा करून पाहा.

मोहरेवरचं (शिक्क्यावरचं) साल कागदाचं साल समजू नका. ही चूक शिकलेले लोकही करतात. मोहर ज्या वर्षी कोरली त्या वर्षाचा आकडा तिच्यात असतो आणि तीच मोहर अधिकारी पुढे दहा-पंधरा वर्षं वापरतो. म्हणजे कागद मोहरेइतका जुना किंवा त्याहून नवा, आधीचा नाही. मोहरेतला मजकूर खालून वर वाचतात. दुसरा लहान आकडा असेल तर तो जुलूस, म्हणजे बादशाहाच्या राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष. मोहरेत १०९५ आणि २७ दिसलं तर आलमगीराचं (औरंगजेबाचं) सत्ताविसावं वर्ष, इ.स. १६८४ च्या आसपास. हे दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर कागद संशयाने पाहायचा.

मथळ्यावर किंवा कडेला काजीची मोहर आणि ‘मुताबिक असल’ (मुळाबरहुकूम) अशा अर्थाचे शब्द असतील तर ती नक्कल आहे. निराश होऊ नका. मूळ सनद घरात जपून रोजच्या वादात काजीच्या सहीची नक्कल वापरायची पद्धत होती, आणि आज पुष्कळ ठिकाणी नक्कलच उरली आहे. कागदाची पाठ नक्की पाहा. दफ्तरात कागद ज्या ज्या टेबलावरून गेला तिथल्या नोंदी पाठीवर असतात, जमिनीचा तपशील बहुतेक तिथेच. त्यातले आकडे वाकड्यातिकड्या रेघोट्यांसारखे दिसतील. ते सियाक, हिशेबाची वेगळी लिपी. नुसती फारसी येणाऱ्याला ते वाचता येत नाहीत, म्हणून वाचणारा शोधताना ‘सियाक येतं का’ हे आधी विचारा.

जमिनीचा इनाम त्यात असेल तर मूळ कागद कोणाच्याही हाती सोपवू नका. वाचायला फोटो द्या.

जुना_कागद
फोटोचं सांगतो. साधा १२ मेगापिक्सेलचा मोबाईल पुरतो. ए-४ आकाराचं पान इंचाला ३०० बिंदूंनी टिपायला २४८० बाय ३५०८, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. उत्तरेकडच्या ओसरीत सकाळी नऊ ते अकरा, फ्लॅश बंद. मोबाईल स्टँडला बांधा, हातात नको. पुस्तक १८० अंशांत सपाट उघडू नका. या बांधणीचा कणा त्यासाठी नसतो, एकदा कडकन आवाज आला की पानं सुटायला लागतात. तुमच्या घरची लाकडी रेहाल (कुरआन ठेवायची घडीची तिवई) घ्या. ती पुस्तकाला साधारण काटकोनात धरते, याहून चांगला पाळणा विकतही मिळणार नाही. आधी सगळी उजवी पानं काढा, मग पुस्तक फिरवून सगळी डावी.

पहिल्या फोटोत दहा सेंटिमीटरची पट्टी आणि नग क्रमांकाची चिठ्ठी. पुस्तक उजवीकडून सुरू होतं हे फोटो काढणाऱ्या पोरांना आधी समजवा, नाहीतर सगळा क्रम उलटा लागतो. क्रमांक ००१अ, ००१ब असे द्या. कोरं पान, पुठ्ठा, पाठ काही सोडू नका. मोबाईलमधली ‘स्कॅन’ करून काळं-पांढरं करणारी अॅप वापरू नका. लाल आयत-खुणा आणि फिकट टिपा त्यात गायब होतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र आकसतं. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.

एखाद्या दुआंच्या पुस्तकात समोरासमोर दोन रंगीत चित्रं निघाली, एकात काबा आणि एकात मदिनेचा रौजा (पैगंबरांची कबर), तर बहुधा ते दलाइलुल-खैरात. मोरोक्कोच्या अल-जझूलींनी पंधराव्या शतकात रचलेल्या या दुरूद-संग्रहाच्या (पैगंबरांवरच्या दुआंच्या संग्रहाच्या) प्रतींत ही चित्रजोडी पुष्कळदा असते. त्या दोन पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला. रंग समोरच्या पानाला चिकटून उपटला जातो, आणि चोरही नेमकी हीच पानं कापतात.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेलं हस्तलिखित त्यात येतं. ते देशाबाहेर नेता येत नाही, परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही. चित्र किंवा नक्षी असलेलं हस्तलिखित पुरातत्त्व खात्याकडे नोंदवावं लागतं. गावात ‘जुनी किताब देता का’ म्हणून फिरणाऱ्यांना हे सांगायला पाठ करून ठेवा. केंद्राने २००३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पांडुलिपी (हस्तलिखित) मिशनने ठरवलेल्या व्याख्येतही ७५ वर्षं हीच मर्यादा आहे, आणि शिळाप्रेसची छापील पुस्तकं त्यात मोजत नाहीत. म्हणून यादी दोन करा, हस्तलिखितांची वेगळी आणि छापिलांची वेगळी.

नागपूर तुम्हाला जवळ आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा देशात तिथेच आहे. १९०७-०८ पासून ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’ आणि नंतर त्याची अरबी-फारसी पुरवणी, यांत देशभरचे लेख वाचून छापले गेले. दर्ग्याच्या दारावर कोरीव लेख असेल तर त्याचा फोटो त्यांच्याकडे पाठवा. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, लेखात खडू किंवा पीठ भरू नका. आणि उरुसाआधी त्यावर ऑइलपेंट मारणं थांबवा. रंगाचे थर चढले की नुक्ते (अक्षरांचे ठिपके) बुजतात, आणि नुक्ता गेला की बे, ते, से सगळे सारखेच. मोडी-फारसी सनदींसाठी नागपूरच्या अभिलेखागारात चौकशी करा.

पूर्णाकाठ
चाचांना हाफिज भाऊंचं उत्तर वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘तम्मत’वाली पाच आणि लाल फडकं माझ्या खोलीत राहू द्या, बाकी निवड पुरी होऊ द्या. शेवटचं विचारतो, पेटी तीच लोखंडी ठेवायची का?

रुमाल_दफ्तर
छत होईपर्यंत तीच ठेवा, पण अशी नाही. लोखंड रात्री थंड होतं आणि पावसाळ्यात आतल्या बाजूने घाम धरतं, गंज नेमका खालच्या पुस्तकाला लागतो. गंज घासून रंग द्या आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन-चार आठवडे, उघडी ठेवा. तोवर पुस्तकं तक्तपोसावर चादरीखाली. तळाला सागाची फळी, कडेने धुतलेल्या मांजरपाटाचे दोन पदर. पुस्तकं आडवी, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाही, मोठं खाली, मुसहफ सगळ्यांत वर. पेटी चार विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढताना दिसेल. दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन विटा पाहा. नारळी पौर्णिमेनंतर कोरडा दिवस पाहून पेटी उघडा, सगळं सावलीत दोन तास काढा, पोटल्या बदला. पुढे पैसे जमले तर पावडर कोटिंग केलेलं, जाळीच्या खिडक्यांचं स्टीलचं कपाट घ्या. प्लायवूडचं नको, त्याच्या गोंदाची वाफ बंद जागेत कागद पिवळा करते.

विटेसारखं पुस्तक पेटीत बाकीच्यांसोबत ठेवू नका. त्याला वेगळा पुठ्ठ्याचा डबा, झाकणाला चार भोकं, वर तारीख. दर आठवड्याला वजन करून डब्यावर पेन्सिलीने लिहा. वजन दोन-तीन आठवडे उतरायचं थांबलं की ते आतून कोरडं झालं. मग ते घेऊन तज्ज्ञाकडे जायचं.

पूर्णाकाठ
किराणा दुकानाच्या काट्यावर आज मोजलं, १ किलो ३४० ग्रॅम. लिहून ठेवलं.